हायड्रा म्हणतात मला

मी हायड्रा बोलतोय. थांबा, लगेच रस्त्याच्या कडेला सरू नका! पनवेल-उरण रस्त्यावर ती पिवळी, लांब सोंड पुढे काढून डुलत डुलत चालणारी क्रेन असते ना, जिच्यामागे अडकलं की ड्रायव्हर लोक शिव्या हासडतात, तिला इकडे सगळे हायड्रा म्हणतात. ती मी नव्हे. मी आपला सोललेल्या नारळाएवढा लोखंडाचा एक गडी. माझं खरं नाव हायड्रॉलिक ब्रेक बूस्टर. पनवेलच्या कोळीवाड्यात एकाही माणसाच्या जिभेवर ते धड बसलं नाही, म्हणून मी हायड्रा झालो. कसा झालो ते सांगतोच पुढे.

आधी माझं काम सांगतो. गाडी थांबवायला ड्रायव्हर ब्रेकचं पेडल दाबतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण नुसत्या पायाच्या जोरावर वजनदार गाडी थांबवायची म्हणजे माणसाला पेडलवर उभंच राहावं लागेल. तिथे मी असतो, पेडलच्या पुढ्यात, बॉनेटच्या आत. इंजिनाबरोबर फिरणारा स्टिअरिंगचा पंप मला तेलाचा दाब पुरवतो. पायाने हळूच सांगितलं की तो दाब घेऊन मी ब्रेकला जोरात ढकलतो. पाय इशारा करतो, मेहनत मी करतो, आणि लोक म्हणतात काय मस्त ड्रायव्हर आहे! असो. सवय झालीये.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातला. पाव पोचवणाऱ्या एका मोठ्या व्हॅनमध्ये मला बसवलं होतं. तिचा ड्रायव्हर जाडजूड बुटांचा. ब्रेक छान लागला की गडी खुशीत शीळ घालायचा, गाडीला थोपटायचा. मी त्या गाडीत आहे हेच त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माणसाला आपलं नाव माहीत असावं, निदान आपण आहोत एवढं तरी माहीत असावं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. व्हॅन म्हातारी झाली, तिची हाडं सुटी केली, आणि मी इतर भंगाराबरोबर कंटेनरात बसून न्हावा शेव्याला उतरलो. तिथून तळोज्याला, एका भंगारवाल्याच्या अंगणात.

तळोज्याचे ते दिवस नकोत आठवायला. कारखान्यांचा वास असा की लोखंडालासुद्धा मळमळावं. दादू मिस्त्री तिथे एक स्टिअरिंगचा पंप शोधायला आला आणि पंपाबरोबर मलाही उचलून घेऊन गेला. मला वाटलं, चला, भाग्य उजळलं! कसलं काय. पनवेलच्या उरण नाक्याजवळ, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. तिथल्या पत्र्याच्या दाराला वारा आला की ते धाडकन आपटायचं. दादूने मला त्या दाराला अडकण म्हणून लावलं. एवढी मोठी गाडी थांबवणारा मी, आता दार थांबवत बसलो होतो!

गॅरेजात येणारी माणसं बघत माझा वेळ जायचा. ब्रेकची तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण तीच गोष्ट सांगायचा, की चूक समोरच्याची होती. दादू मान डोलवायचा आणि कामाला लागायचा. पाय मात्र मी सगळ्यांचे बघायचो. चपला, बूट, भेगाळलेल्या टाचा. मनात म्हणायचो, यातला एखादा तरी माझ्या वाट्याला यावा.

आणि मग एक दिवस एक पाय आला.

धर्मराज कोळी. रुंद खांद्यांचा, मिशीवाला, हसला की डोळे मिटणारा माणूस. पनवेलच्या कोळीवाड्यातला. त्याची बायको मैना मासळी बाजारात बसायची, आणि तिचा माल धर्मराज उरणकडच्या मोऱ्याच्या बंदरावरून आणायचा, स्वतःच्या जीपमधून. ती जीप म्हणजे एक प्रकरण होतं. पुढून जीप, मागून होडी! पाठचा भाग त्याने कापून लांब केला होता आणि होड्या बांधणाऱ्या सुताराकडून त्याला फळ्यांची पाठ बसवून घेतली होती. मासळीच्या पाट्या ठेवायला आतून पत्रा, बर्फाचं पाणी जायला भोक. इंजिन एका टेम्पोचं, एवढं मोठं की बॉनेटमध्ये बोट घालायला जागा नाही. कोळीवाडा हसायचा, पण लग्नाच्या वरातीला तीच जीप मागायचा.

मग मोऱ्याच्या धक्क्यावर एकदा बोटीचा दोर सुटला आणि धर्मराजच्या उजव्या मांडीला वेढा घालून गेला. हाड जुळलं, पण पायातला जोर गेला तो गेलाच. चालायचा, काठी टेकत. ॲक्सिलरेटर दाबायला जोर लागत नाही, तो जमायचा. पण त्या जीपचा ब्रेक म्हणजे दगड. धडधाकट पायाला घाम फुटायचा, तिथे या पायाचं काय चालणार? जीप घरापुढे उभी राहिली. मैना पहाटे दुसऱ्यांच्या टेम्पोत स्वतःला कोंबून मोऱ्याला जाऊ लागली आणि धर्मराज ओट्यावर बसून राहू लागला.

हे सगळं त्याने दादूला सांगितलं ते माझ्यासमोरच. दारातल्या स्टुलावर बसला, दुखरा पाय कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि ठेवला माझ्यावर! काय सांगू तुम्हांला. इतक्या वर्षांनी पाय, आणि तोही किती हलका! त्या पायात माणूस थांबवायचासुद्धा जोर नव्हता, गाडी तर सोडाच. मला वाटलं, अरे, हाच. हाच माझा पाय.

"मिस्त्री, कायपन कर," धर्मराज म्हणाला. "मना मोऱ्याला जायाचं हाय. मैना दुसऱ्याच्या गाडीत उभी जाते ती मना बघवत नाय."

"करू ना भाई, टेन्शन नको घेऊस," दादू म्हणाला. "बूस्टर बसवू. ब्रेक एकदम हलका. भावेशला सांग, हवेचा बूस्टर घेऊन ये."

भावेश म्हणजे धर्मराज-मैनाचा मुलगा. बेलापूरला ऑफिसात कामाला. पोरगा सरळ, बापावर जीव असलेला, फक्त घाबरट. तो नवाकोरा बूस्टर घेऊन आला. काळा, चकचकीत, परातीएवढा डबा. असला देखणा जवान आल्यावर दारातल्या अडकणीला कोण विचारतो?

दादूने गॅरेजात ओढून आणलेल्या जीपचं बॉनेट उघडलं, डबा आडवा घातला, उभा घातला, तिरका घातला. डबा स्टिअरिंगच्या दांड्याला थडकायचा, नाहीतर इंजिनावर बसायचा.

"हे काय होणार नाय," दादू घाम पुसत म्हणाला. "आणि याला इंजिनाने हवा ओढून द्यावी लागते. या डिझेल इंजिनाला ती ओढ नाही. त्याला आणखी वेगळा पंप पाहिजे. तो लावीन मी, पण हा डबा ठेवू कुठे? तुझ्या मांडीवर?"

"बाबा, प्रॅक्टिकल विचार करा ना," भावेश म्हणाला. "आता सोडा ते. कशाला रिस्क?"

तेवढ्यात मैना बाजारातून आली. ठसठशीत बाई, कपाळाला मोठं कुंकू, हातात रिकामी पाटी. आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाने मागे वळून बघावं. तिने उघडं बॉनेट पाहिलं, बाजूला पडलेला डबा पाहिला, आणि नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला.

"मी बोलते कवापासून, इका ती गाडी," ती कडाडली. "एकदा पाय गेला ता गेला. आता काय जीव घालवायचा हाय? मना नाय पाहिजे तुमची होडी न बिडी!"

धर्मराज आजही त्याच स्टुलावर होता. माझ्यावर ठेवलेला पाय तेवढा पुढेमागे घासत राहिला. त्याला बोलता येत नव्हतं आणि मलाही. मला तोंड असतं तर तेव्हा असा ओरडलो असतो की अख्खा उरण नाका गोळा झाला असता. अरे, खाली बघा रे कोणीतरी!

बघितलं. दादूची नजर त्या घासणाऱ्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. मग तो गुडघ्यावर बसला, धर्मराजचा पाय हळूच बाजूला केला आणि मला उचललं. फडक्याने माझी धूळ पुसली. कितीतरी दिवसांत कोणी माझं तोंड पुसलं नव्हतं.

"अरे भाई," तो म्हणाला, "पायाखालीच घेऊन बसलायस की! हा हायड्रॉलिक आहे. हवा नको, परातीएवढी जागा नको. स्टिअरिंगचा पंप लावला की त्याच तेलावर हा पण चालतो. स्टिअरिंगसुद्धा हलकं होईल, वर फुकटात."

भावेशने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्याने जो प्रश्न विचारला त्याबद्दल मी त्याला अजून मानतो. "इंजिन मध्येच बंद पडलं तर? बंदराच्या उतारावर? पंप थांबला की दाब गेला, मग?"

दादूने डोकं खाजवलं. त्याला हे ठाम माहीत नव्हतं आणि त्याने तसं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी भावेशच ऑफिसातल्या संगणकावर शोधून आला. माझ्या अंगाला बाजूला एक टेंगूळ आहे. त्यात मी थोडा दाब साठवून ठेवतो. इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन वेळा ब्रेक हलकाच लागतो, गाडी थांबण्यापुरता. त्यानंतर मात्र पेडल दगड. माझ्या पोटातली ही पुंजी पोराने शोधून काढली आणि बापाला म्हणाला, "मग बसवा." मला तेव्हा त्याचा मुकाच घ्यावासा वाटला.

आता ती हायड्राची भानगड. दादूने धर्मराजला सांगितलं, हायड्रॉलिक बसवायचाय, पंपाला जागा करायला इंजिन जरा उचलावं लागेल, दोन दिवस लागतील. धर्मराजने घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी गॅरेजच्या टेबलावर साफ होऊन बसलो होतो, तर गल्लीच्या तोंडाशी हॉर्नचा आणि माणसांचा एकच कल्ला. बघतो तर काय, पिवळी क्रेन! सोंड वर करून, दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या ताडपत्र्या खरवडत, इंच इंच आत शिरतेय. पुढे एक माणूस 'आने दो, आने दो' करत उलटा चालतोय. बाजारातल्या कोळणी पाट्या सोडून तमाशा बघायला आलेल्या.

"हायड्रा कोणी मागवला?" ऑपरेटर वरून ओरडला. "मिथुनभाऊंनी पाठवलाय. मैनाबाय कोण?"

दादूने कपाळावर हात मारून घेतला. मिथुन म्हणजे मैनाचा भाऊ, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला. सगळ्यांनी मैनाकडे पाहिलं. ती पदराने हात पुसत, मान ताठ करून उभी.

"असं काय बघता?" ती म्हणाली. "यांनीच सांगितला ना, मिस्त्रीला हायड्रा लागंल, त्याबिगर गाडी व्हनार नाय. मग आनला मी हायड्रा!"

जी काही हसाहस झाली म्हणता! दादू तर टायरवर बसकण मारून हसत होता. त्याने मला उचलून तिच्या नाकासमोर धरलं. "वहिनी, हा बघा तुमचा हायड्रा! हा!" तिने माझ्याकडे पाहिलं, त्या क्रेनकडे पाहिलं, आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायला लागली.

एकटा धर्मराज हसला नाही. तो काठी टेकत तिच्याजवळ गेला. "तू तर गाडी इकाय सांगत व्हतीस," तो हळू आवाजात म्हणाला.

"सांगत व्हते," मैना म्हणाली. "मग? घरात बसून तुमचा तोंड बघवंना मना." आणि वळून ऑपरेटरवर खेकसली, "आलाच हाय तर उचल ना इंजिन! उभा काय ऱ्हायलास?"

तर असं त्या क्रेनने जीपचं इंजिन उचललं, पंप बसला, मी बसलो, आणि माझं बारसंही तिथेच झालं. परदेशी गड्याचं नाव हायड्रा पडलं. पहिल्यांदा धर्मराजने इंजिन चालू करून पाय ठेवला तेव्हा मी जीव तोडून ढकललं. गाडी जागच्या जागी थांबली. तो खाली बघत राहिला, पायाकडे. मग डोळे मिटून हसला, असं दादू पुढे सगळ्यांना सांगायचा.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली खरी वर्षं. बॉनेटखाली असल्यावर मला दिसत काही नाही. मला आवाज ऐकू येतात आणि पाय कळतो. धर्मराजचा पाय मला इतका पाठ झाला की त्याने नुसता ठेवला तरी मी समजायचो, समोर ट्रेलर आहे, की म्हैस, की ओळखीचा कोणीतरी हात करतोय. गव्हाण फाट्याला कंटेनरांची रांग लागायची, तिथे तर आम्हां दोघांची अखंड बोलणी चालायची. जरा दाब, जरा सोड, दाब. मी कधी कुरकुर केली नाही.

मैना शेजारी बसायची. तिची एक खोड होती. समोर काही आलं की ती स्वतःचा उजवा पाय जीपच्या तळावर गच्च दाबायची, जणू तिच्याही बाजूला ब्रेक आहे. तिच्या टाचेचा धप् आवाज पत्र्यातून मला ऐकू यायचा. धर्मराजच्या पायाआधी यायचा, हो! किती वेळा मला वाटलं, हा पाय काय तयारीचा आहे, पण त्याच्या आणि माझ्या मध्ये नुसता पत्रा. तो पाय माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

"तुझ्या बाजूला ब्रेक नाय गो, मैना," धर्मराज चिडवायचा.

"तुमच्या बाजूला हाय ना? मग लावा!"

कधी मोऱ्याला बोटींची वाट बघत गाडी उभी असली की तो म्हणायचा, "ये इकडं. बस माझ्या जागेवर. एकदा दाबून तर बघ आपला हायड्रा. भातात बोट घातल्यासारखा जातो बघ. शिकवतो तुला."

"मना काय करायचं शिकून?" ती म्हणायची. "तुमी हाय ना."

दर वेळी हेच. त्याने विचारायचं, तिने 'तुमी हाय ना' म्हणायचं, आणि विषय संपायचा. मी मनातल्या मनात म्हणायचो, बाई, एकदा तरी ये! पण माझं कोण ऐकतंय.

घरी आल्यावर धर्मराजची एक रीत होती. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की तो पेडल दोन-तीनदा दाबायचा. साठलेला दाब मोकळा केलेला बरा, असं दादूने सांगितलं होतं. पण धर्मराजने त्याचा निरोपच करून टाकला होता. दाबता दाबता म्हणायचा, "चल हायड्रा, नीज आता." त्या बुटवाल्याला मी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, आणि हा मला रोज झोपवून घरात जायचा. अहो, लोखंडाला आणखी काय पाहिजे?

मग ती दुपार आली. मैना बाजारातच होती. तो एकटाच माल उतरवून घरी परतला. रस्ताभर त्याचा पाय मला वेगळा लागत होता. उशिरा यायचा, थरथरायचा. मी जास्तच ढकलत होतो. जीप नेहमीच्या बदामाच्या झाडाखाली आली, थांबली, किल्ली फिरली. मी वाट पाहत राहिलो. पेडल काही दबलं नाही. 'नीज आता' नाही. दार उघडल्याचा आवाज, काठीचा आवाज, मग शेजारणीची हाक, मग पळापळ. त्याला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही.

मला हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पत्र्याच्या पलीकडून रडणं ऐकू आलं. मिथुन आला, बाजारातल्या बाया आल्या, दादू आला. दादूने बॉनेटवर हात ठेवला आणि निघून गेला. आणि माझ्या पोटात त्याचा दाब तसाच होता. शेवटच्या फेरीचा, त्याने चालवलेल्या इंजिनाचा दाब. तो मोकळा करायचा राहून गेला होता.

खरं सांगायचं तर असा दाब फार टिकत नाही. कणाकणाने झिरपतो. पण मी धरून ठेवला. सगळी सीलं आवळून बसलो. कशासाठी, विचाराल तर मला सांगता येणार नाही. त्याच्या पायाचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, ते सोडवेना.

दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. भावेश आईला म्हणत होता, "आये, तू माझ्याकडे बेलापूरला चल. आणि गाडीचं बघू आपण. आपटा गावचा एक माणूस इंजिन मागतोय, शेतावरच्या पंपाला." तिचा तो खणखणीत आवाज त्या दिवसांत मी ऐकलाच नव्हता.

मग एका सकाळी जीपचं दार उघडलं. मला वाटलं, आला आपट्याचा माणूस. पण बांगड्या वाजल्या. आणि दार डावीकडचं नव्हतं, उजवीकडचं होतं. धर्मराजच्या जागेवर कोणीतरी बसलं. मग पेडलवर एक पाय आला.

अनवाणी पाय होता. टाचेला भेगा असलेला, आयुष्यभर पाण्यात आणि बर्फात उभा राहिलेला. ज्याचा धप् आवाज मी इतकी वर्षं पत्र्यातून ऐकला तोच. मैनाचा पाय. शेवटी पोचला माझ्यापर्यंत! तिने भीत भीत दाबला.

आणि मी सोडला. जो काही उरला होता तो सगळा दाब एका दमात तिच्या पायाखाली सोडला. पेडल अलगद खाली गेलं, तो सांगायचा ना, तस्सं. इंजिन बंद, किल्ली नाही, चाक जागचं हललेलं नाही, आणि तरी तिच्या पायाखाली कोणीतरी जोर लावला. ती दचकली. पाय तसाच ठेवून बसली.

"हाय," ती म्हणाली. अगदी हळू. "हाय इथं."

मग तिने पाय उचलला आणि पुन्हा दाबला. माझ्याजवळ काहीही उरलं नव्हतं. पेडल दगड झालं. तिने आणखी जोराने दाबलं, दोन्ही पायांनी दाबलं, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून जी रडली, ती सगळ्या दिवसांचं रडली. मला द्यायला काही नव्हतं हो. असतं तर दिलं नसतं का?

तेव्हापासून ती रोज येते. बाजारातून परत आली की आधी इथे, मग घरात. बसते, पाय ठेवते, एकदा दाबून बघते. पेडल काही हलत नाही. तिला वाटतं, तो त्या दिवशी होता आणि मग गेला. तिला कसं सांगू की तसं नाही. तो दाब त्याचाच होता, खरा होता, पण असा दाब मनाने येत नाही आणि वाट बघूनही येत नाही. पंप फिरावा लागतो. पंप फिरायला इंजिन फिरावं लागतं.

आज सकाळीच भावेशचं बोलणं ऐकलं. येत्या रविवारी आपट्याचा माणूस येतोय. पोराचं चुकत नाही. आई रोज बंद गाडीत जाऊन बसते, हे कुठल्या मुलाला बघवेल? इंजिन पंपाला जाईल, फळ्या कोणाच्या तरी चुलीला, आणि मी पुन्हा तळोज्याला, नाहीतर एखाद्या दाराला. त्याचं मला काही नाही. दार थांबवायची सवय आहे मला. पण पाय ओळखून घेतल्यावर दार थांबवणं फार जड जातं.

आता बांगड्या वाजताहेत. आली ती. पाटी खाली ठेवली. आज काहीतरी वेगळा आवाज आहे, बारीक, लोखंडाचा. किल्ली! त्याची किल्ली तिच्या पदराच्या गाठीला बांधलेली असते, ते मला ठाऊक आहे, पण ती गाठ आजवर तिने कधी सोडली नव्हती. आज तिची बोटं गाठीशी खेळताहेत, किल्लीच्या किणकिणीवरून कळतंय मला. सोडते, पुन्हा बांधते.

मैना, ऐक ना. त्याचं होतं नव्हतं ते मी तुला दिलं, सगळं दिलं. आता नवं पाहिजे असेल तर तुलाच करावं लागेल. सोड ती गाठ. किल्ली लाव आणि फिरव. इंजिन खोकेल, धूर सोडेल, कोळीवाडा बघायला जमेल, जमू दे. पहिल्यांदा गचके बसतील, बसू देत. दादू आहे, भावेश आहे, शिकवतील. समोर ट्रेलर आला तर तुझा पाय दरवेळी सगळ्यांच्या आधी खाली जातो, ते मला माहीत आहे, फक्त आता त्याच्याखाली नुसता पत्रा नाही.

तू पाय ठेव, बाय. मी हाय ना.